नॅन्टकेट : कादंबरीतील बेट आणि वस्तुसंग्रहालयातील बेट

१

एखाद्या कादंबरीत वर्णिलेले गाव प्रत्यक्ष पाहिल्याने त्या कादंबरीच्या आकलनात नेमकी कोणती भर पडते, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेत वारंवार उपस्थित होतो. परंतु त्याचे उत्तर बहुधा गृहीतच धरले जाते. गाव पाहिले म्हणजे वर्णनाचा खरेपणा पडताळता येतो, आणि वर्णन खरे ठरले म्हणजे कृतीची प्रतिष्ठा वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. मराठीत प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेने ह्या समजाला विशेष बळ दिले. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) ह्या कादंबरीविषयी लिहिताना लेखकाच्या दापोली परिसराशी असलेल्या निकट परिचयाचा दाखला देणे जवळजवळ रूढच झाले. परिचयातून प्रामाणिकपणा आणि प्रामाणिकपणातून कलात्मक यश, अशी ही मांडणी आहे. जिच्यात ह्या मांडणीची पहिली पायरीच आढळत नाही, अशी एखादी श्रेष्ठ कृती समोर ठेवली, तर तिची परीक्षा अधिक चोख होईल. हर्मन मेल्व्हिल याची 'मोबी डिक' (१८५१) ही तशी कृती होय.

ह्या कादंबरीतील 'पीक्वॉड' हे जहाज नॅन्टकेट बंदरातून निघते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड ह्या भूशिराच्या दक्षिणेस सुमारे ३० मैलांवर असलेले हे वाळूचे बेट आणि त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील त्याच नावाचे छोटे शहर एके काळी देवमाशांच्या शिकारीचे जगातील प्रमुख केंद्र होते. कादंबरीत त्याचे स्थान मध्यवर्ती आहे. कप्तान एहॅब नॅन्टकेटचा, त्याचा पहिला मेट स्टारबक नॅन्टकेटचा, आणि जहाजाचे मालक पेलेग व बिल्डॅड हेही नॅन्टकेटचेच. तथापि कादंबरी लिहिली तोपर्यंत मेल्व्हिलने हे बेट पाहिलेले नव्हते. जानेवारी १८४१ मध्ये तो ज्या 'अक्यूश्नेट' जहाजावर खलाशी म्हणून चढला, ते न्यू बेडफर्डच्या समोरील फेअरहेवन येथून निघाले होते. कादंबरी १८५१ च्या अखेरीस लंडन आणि न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाली. नॅन्टकेटला तो प्रथम गेला तो जुलै १८५२ मध्ये, आपले श्वशुर न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांच्या समवेत.

आज कादंबरी वाचून त्या बेटावर जाणाऱ्याची वाट ठरलेली आहे. हायॅनिस येथून आगबोट निघते. ती धक्क्याला लागली की थोडे अंतर चालताच ब्रॉड स्ट्रीटवरील देवमाशांच्या शिकारीचे वस्तुसंग्रहालय लागते. अशा रीतीने अभ्यासकासमोर तीन नॅन्टकेटे उभी राहतात : कादंबरीतील, वस्तुसंग्रहालयातील आणि त्या दोहोंच्या भोवती पसरलेल्या गावातील. पैकी कोणते खरे, हा प्रश्न येथे गौण आहे. एक दुसऱ्याविषयी कशाची साक्ष देऊ शकते आणि कशाची देऊ शकत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. स्थलदर्शनाने कादंबरीचे मोठेपण सिद्ध होत नाही. मात्र कादंबरीने काय वगळले आहे, हे दाखविण्याचे सामर्थ्य त्यात असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम कादंबरीतील नॅन्टकेटचा विचार करू. न पाहिलेल्या गावाचे वर्णन लेखकाने कसे केले, हे समजण्यास पाहिलेल्या गावाचे वर्णन शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते, आणि सुदैवाने ते त्याच कादंबरीत आहे. नॅन्टकेटला पोचण्यापूर्वी निवेदक इश्माएल न्यू बेडफर्ड येथे मुक्काम करतो. त्या मुक्कामात वाचकाला काळोखातील गोठलेले रस्ते दिसतात, खाणावळीतील धूसर तैलचित्र दिसते, रस्त्यावरून हिंडणारे नाना देशांचे खलाशी दिसतात, श्रीमंतांच्या बागा दिसतात आणि प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर बसविलेल्या, समुद्रात नाहीशा झालेल्यांच्या स्मृतिशिलाही दिसतात. एक संपूर्ण प्रकरण केवळ तेथील रस्त्याला दिलेले आहे.

नॅन्टकेटच्या वाट्याला असा रस्ता आलेला नाही. त्या नावाचे जे छोटेसे चौदावे प्रकरण आहे, त्याच्या आरंभीच वाचकाला नकाशा काढून बेटाची जागा पाहण्यास सांगितलेले आहे. ही सूचना अर्थपूर्ण आहे. लेखकाजवळ ह्या जागेचा नकाशा होता, दृश्य नव्हते. पुढे येतात त्या बेटाच्या नापीक वाळूविषयीच्या अतिशयोक्त गमती. मग गरुडाने मूल उचलून नेल्याची मूळ रहिवाशांची दंतकथा. आणि त्यानंतर खेकडे-शिंपल्यांपासून आरंभ करून अखेरीस देवमाशापर्यंत पोचलेल्या बेटकरांचे असे स्तवन, की ज्यात राजे जमीन वाटून घेतात आणि बेटकर समुद्राचे स्वामी होतात. ह्या सामग्रीचा मोठा भाग ग्रंथांतून आलेला आहे. ओबेड मेसी याचा नॅन्टकेटचा इतिहास (१८३५) हा मेल्व्हिलचा एक प्रमुख आधार होता. जोसेफ हार्ट याची 'मिरियम कॉफिन' (१८३४) ही कादंबरीही त्याच्या परिचयाची होती.

ह्या ग्रंथनिष्ठेचा परिणाम कालाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मेसीचा इतिहास बेटाच्या भरभराटीच्या काळात लिहिला गेला. त्यानंतर जुलै १८४६ मध्ये लागलेल्या आगीत शहराचा सुमारे तिसरा भाग जळाला. बंदराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यामुळे मोठी, भरलेली जहाजे आत येऊ शकत नसत. धंदा न्यू बेडफर्डच्या खोल बंदराकडे सरकत होता. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियातील सोन्याच्या ओढीने अनेक तरुण बेट सोडून गेले. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल सापडले आणि दिव्यासाठी देवमाशाच्या तेलाची गरज ओसरू लागली. १८६९ मध्ये 'ओक' हे जहाज शिकारीसाठी नॅन्टकेटहून निघाले, ते तेथून निघालेले शेवटचे. म्हणजे ज्या वर्षी कादंबरीने ह्या बेटाला समुद्राचे साम्राज्य बहाल केले, त्या वर्षी ते साम्राज्य मोडकळीस आलेले होते. मेल्व्हिलला ह्याची जाणीव नव्हती असे नाही. न्यू बेडफर्डने धंदा बळकावल्याचे इश्माएल आरंभीच सांगतो आणि तरीही मूळ स्थान म्हणून नॅन्टकेटच्याच जहाजावर जाण्याचा हट्ट धरतो. आगीचा मात्र कादंबरीत मागमूस नाही.

वर्णनाच्या खरेपणाची कसोटी लावणारा समीक्षक ह्याला दोष म्हणेल. परंतु कादंबरीच्या रचनेत ह्या दृश्यहीनतेला कार्य आहे. न्यू बेडफर्ड हे राहण्याचे, पाहण्याचे आणि क्वीक्वेगशी मैत्री जुळण्याचे गाव आहे. नॅन्टकेट हे करार करण्याचे आणि निघण्याचे ठिकाण आहे. तेथे खाणावळीतल्या कालवणाचा विनोदी प्रसंग सोडला, तर ठसठशीतपणे उभे राहते ते एकच दृश्य : जहाजाच्या मालकांशी होणारी हिश्शाची घासाघीस. देवमाशांच्या जहाजावर पगार नसे. सफरीच्या निव्वळ उत्पन्नातील ठरावीक हिस्सा प्रत्येकास मिळे. बायबल वाचीत बसलेला बिल्डॅड इश्माएलला ७७७ वा हिस्सा देऊ करतो. पेलेग तो ३०० वा करतो. आणि हार्पून फेकण्यातील कौशल्य दिसताच क्वीक्वेगला ९० वा मिळतो. क्वेकर पंथाची अहिंसा आणि देवमाशाचे रक्त, धर्मग्रंथाचे वाचन आणि हिश्शाचा हिशेब, ह्यांचे सहजीवन म्हणजेच कादंबरीतील नॅन्टकेट. त्यासाठी रस्ते आणि घरे पाहण्याची आवश्यकता नव्हती. 'पहिली पायरी' नसतानाही कृती उभी राहते, याचे हे प्रमाण मानावयास हरकत नाही.

३

आता वस्तुसंग्रहालयाकडे वळू. नॅन्टकेट हिस्टॉरिकल असोसिएशन ह्या १८९४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९२९ मध्ये एक जुना कारखाना विकत घेतला आणि १९३० मध्ये तेथे हे संग्रहालय उघडले. २००५ मध्ये विस्तार करून ते पुन्हा खुले करण्यात आले. रेमंड वीव्हर याने लिहिलेले मेल्व्हिलचे चरित्र १९२१ मध्ये निघाले आणि विस्मृतीत गेलेल्या ह्या लेखकाचे पुनरुज्जीवन सुरू झाले; त्यानंतर दहा वर्षांच्या आत हे दालन उघडले. दोहोंत कार्यकारणभाव लावण्याचे कारण नाही. तथापि येणाऱ्या प्रेक्षकांतील अनेकांच्या मनात वस्तूंच्या आधी कादंबरी असते, ही गोष्ट संग्रहालयाच्या जन्मकाळापासून संभवनीय झाली.

संग्रहालयाची मूळ इमारत हीच त्यातील सर्वांत मोठी वस्तू आहे. हॅडवेन आणि बार्नी यांच्या भागीदारीचा हा मेणबत्त्यांचा कारखाना. १८४६ च्या आगीनंतर तो उभा राहिला. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यात जे तैलयुक्त, मेणासारखे द्रव्य असते, ते येथे शुद्ध होई. उकळलेले द्रव्य पिंपांत भरून हिवाळ्यात गोठू देत. गोठलेला गोळा पिशव्यांत घालून प्रचंड लाकडी तरफेखाली दाबीत. त्यातून निथळणारे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राही, म्हणून त्याला सर्वांत अधिक किंमत येई. उरलेला भाग उन्हाळा लागण्यापूर्वी पुन्हा दाबीत. आणि सगळे तेल निघाल्यावर शेवटी राहणाऱ्या शुभ्र मेणाच्या मेणबत्त्या पाडीत. ती तरफ आजही तेथे आहे.

ह्या तरफेसमोर कादंबरीच्या वाचकाला चौऱ्याण्णवावे प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. त्या प्रकरणात हेच द्रव्य जहाजावरील टबांत असते. थंड होऊन त्याच्या गुठळ्या झालेल्या असतात. आणि खलाशी त्या हातांनी कुस्करीत बसतात. कुस्करताना एकमेकांचे हात एकमेकांच्या हातात येतात आणि इश्माएलला क्षणभर सर्व मानवजातीविषयी अपार स्नेह वाटू लागतो. 'मोबी डिक'मधील श्रम हा जेथे बंधुभावाचे रूप घेतो, असे हे विरळा स्थळ आहे. वस्तुसंग्रहालयात तेच द्रव्य पुढच्या टप्प्यावर भेटते. तेथे हाताच्या जागी तरफ आहे, स्नेहाच्या जागी प्रतवारी आहे, आणि टबाच्या जागी मालकाचे नाव असलेला कारखाना आहे. त्याच मालकांपैकी हॅडवेन याने मेन स्ट्रीटवर उभारलेली ग्रीक मंदिराच्या धर्तीची स्तंभयुक्त घरे आजही पाहावयास मिळतात. आणि त्यांच्या समोर जोसेफ स्टारबक याने आपल्या तीन मुलांसाठी बांधलेल्या तीन एकसारख्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. तेल कोठे गेले, याचे उत्तर गावाने दगडविटांत लिहून ठेवले आहे. कादंबरीनेही न्यू बेडफर्डच्या हवेल्या समुद्राच्या तळातून ओढून आणल्याचे सुचविले आहे. परंतु नॅन्टकेटच्या बाबतीत हा दुवा तिच्यात नाही. तो संग्रहालय आणि रस्ता मिळून पुरवितात.

दालनात टांगलेला सांगाडा हा दुसरा मुद्दा. जानेवारी १९९८ मध्ये बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या ४६ फूट लांबीच्या स्पर्म देवमाशाचा हा सांगाडा. त्याच्या खाली शिकारीची होडी मांडलेली आहे. होडी आणि प्राणी यांच्या आकारांतील तफावत येथे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि ती शब्दांनी इतक्या त्वरेने कळविता येत नाही. परंतु ह्याच ठिकाणी कादंबरी संग्रहालयावर मात करते. तिच्या एकशेदोनाव्या प्रकरणात इश्माएल एका दूरच्या बेटावर देवमाशाच्या सांगाड्याचे मंदिर झालेले पाहतो. वेलींनी आच्छादलेल्या त्या हाडांत शिरून तो मापे घेतो आणि ती आपल्या हातावर गोंदवून घेतो. पुजाऱ्यांना हे मोजणे रुचत नाही. पुढच्याच प्रकरणात तो मापे सांगतो, आणि सांगून झाल्यावर मान्य करतो की हाडांवरून जिवंत प्राण्याचा आकारदेखील कळत नाही. देवमासा कळावयाचा तर तो खोल समुद्रात, त्याच्या शेपटीच्या फटकाऱ्याच्या टप्प्यातच कळेल. संग्रहालय ह्या संस्थेची मर्यादा तिच्या उभारणीच्या ऐंशी वर्षे आधीच ह्या कादंबरीने सांगून ठेवली आहे. मात्र त्याच मर्यादेत कादंबरी स्वतःही सापडते, हे येथे विसरता कामा नये. कारण गोंदलेली मापे म्हणजे अखेर लेखनच होय.

जहाजांच्या रोजनिश्यांमधून ही मर्यादा आणखी एका प्रकारे दिसते. देवमासा मारला गेला, की त्या दिवसाच्या नोंदीशेजारी पूर्ण देवमाशाचा शिक्का उठवीत; निसटला, तर नुसत्या शेपटीचा. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत परिपूर्ण आहे. परंतु ज्या दिवशी शेपटीचा शिक्का उठला, त्या दिवशी होडीतील माणसांचे काय झाले, हे शिक्का सांगत नाही. कादंबरी ज्या भूमीवर उभी आहे, ती ही शिक्क्याखालची भूमी होय.

४

येथपर्यंतच्या तुलनेत कादंबरीचे पारडे जड दिसते : संग्रहालयाने परत आलेल्या वस्तू राखल्या, कादंबरीने परत न आलेली माणसे. परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. संग्रहालयाच्या संग्रहात सुतळीचा एक लहानसा तुकडा आहे. त्याच्यासमोर हा निष्कर्ष टिकत नाही.

ही सुतळी 'एसेक्स' जहाजावरील बेंजामिन लॉरेन्स याने उघड्या होडीत बसून वळलेली आहे. 'एसेक्स' १८१९ च्या ऑगस्टमध्ये नॅन्टकेटहून निघाले. २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिक महासागरात एका स्पर्म देवमाशाने धडका देऊन ते फोडले. २० माणसे तीन होड्यांत उतरली. सुमारे तीन महिने ती समुद्रावर होती. मृत सोबत्यांचे मांस खाऊन, आणि कप्तान जॉर्ज पोलार्ड याच्या होडीत तर चिठ्ठ्या टाकून एका जिवंत तरुणाला मारून, काहीजण जगले. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो ओवेन कॉफिन हा कप्तानाचा नात्याने भाऊ होता. एकूण ८ जण वाचले : ५ होड्यांतून, आणि ३ हेंडरसन बेटावर उतरलेले. पहिला मेट ओवेन चेस याने ह्या घटनेचा वृत्तान्त १८२१ मध्ये प्रसिद्ध केला. मेल्व्हिलने तो प्रथम वाचला तो खलाशी असताना, चेसच्याच मुलाकडून पुस्तक मिळवून.

'मोबी डिक'च्या पंचेचाळिसाव्या प्रकरणात हा वृत्तान्त येतो. त्या प्रकरणाचे नावच प्रतिज्ञापत्र असे आहे. देवमासा जाणूनबुजून जहाज फोडू शकतो, हे अविश्वासी वाचकाला पटविण्यासाठी इश्माएल तेथे साक्षीदार उभे करतो, आणि 'एसेक्स' हा त्यांतील प्रमुख. परंतु ही साक्ष धडकेपाशी थांबते. पोलार्ड घरी परतला, दुसऱ्यांदा जहाज गमावल्यावर त्याने समुद्र सोडला आणि आता तो नॅन्टकेटला राहतो, एवढे सांगितले जाते. मधल्या तीन महिन्यांत होड्यांमध्ये काय घडले, ते सांगितले जात नाही. कादंबरीला देवमाशाचा कोप हवा होता, माणसांची भूक नको होती. कथेच्या रचनेत हे अपरिहार्य होते, असे म्हणता येईल. 'पीक्वॉड'चा शेवट धडकेनेच व्हावयाचा असल्याने त्यानंतरच्या होड्यांना तिच्यात जागा नव्हती. तरीही वगळलेले ते वगळलेलेच. हाताशी असलेले धागे वळीत राहणे, हे एका उपाशी माणसाने आपले भान टिकविण्यासाठी केलेले काम होते. कादंबरीने सोडलेल्या नेमक्या त्या तीन महिन्यांत ते झाले, आणि काचेआड ते शिल्लक आहे. परत न आलेल्यांची कथा सांगणाऱ्या कादंबरीने परत आलेल्यांची कथा टाळली. ती त्या सुतळीच्या तुकड्याने राखली.

जहाजावरील पोऱ्या टॉमस निकर्सन याचा वृत्तान्तही ह्याच संदर्भात पाहावा. त्याने तो म्हातारपणी, १८७६ मध्ये लिहिला; हस्तलिखित १९६० मध्ये उजेडात आले आणि १९८४ मध्ये ह्याच संस्थेने ते छापले. चेस हा अधिकारी होता. स्वतःच्या निर्णयांचे समर्थन करण्याची त्याला गरज होती. निकर्सनला ती नव्हती. एकाच होडीतील दोन साक्षी येथे परस्परांशेजारी येतात. नॅथॅनिएल फिलब्रिक यांच्या 'इन द हार्ट ऑफ द सी' (२०००) ह्या ग्रंथात ह्या सामग्रीचा उपयोग झाल्यावर एक गोष्ट ठळक झाली. जहाज फुटले तेव्हा त्यावर सहा कृष्णवर्णीय खलाशी होते. वाचलेल्या आठांत त्यांच्यापैकी एकही नाही. होड्यांतून जे पाच वाचले, ते पाचही नॅन्टकेटचे होते. जहाजावरील अन्नाची पूर्वापार विषमता, होड्यांची वाटणी आणि बेटकरांची आपसातील जवळीक यांचा ह्या आकड्यांशी काय संबंध असावा, याचा विचार केल्याखेरीज नॅन्टकेटच्या शौर्याचे स्तवन यापुढे वाचता येणार नाही.

गावही ह्या प्रश्नाला हातभार लावते. मेन स्ट्रीटपासून थोड्या अंतरावर यॉर्क स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांनी १८२० च्या दशकात उभारलेले सभागृह आहे. तेच त्यांचे प्रार्थनास्थान आणि शाळा. १८२२ मध्ये ॲब्सॅलम बॉस्टन हा कृष्णवर्णीय कप्तान सर्वस्वी कृष्णवर्णीय खलाशी घेऊन 'इंडस्ट्री' जहाजावर शिकारीस गेला होता. कादंबरीतील नॅन्टकेटमध्ये अशा कप्तानाला स्थान नाही. तेथे बेटकर म्हणजे मालक आणि अधिकारी. डॅगू, टॅश्टेगो आणि क्वीक्वेग हे हार्पून फेकणारे वीर बाहेरून येतात. डॅगूने आफ्रिकेखेरीज जे थोडे जग पाहिले आहे त्यात नॅन्टकेटचा समावेश होतो, असे निवेदक सांगतो; परंतु नॅन्टकेटमध्ये तो कोठे राहिला असेल, हा प्रश्न निवेदकाला पडत नाही. यॉर्क स्ट्रीट पाहणाऱ्याला तो पडतो. तीच गोष्ट बेटाच्या मूळ वॅम्पानोॲग रहिवाशांची. इंग्रज वसाहतवाल्यांच्या आरंभीच्या शिकारीत ह्या लोकांचे श्रम होते; १७६३-६४ च्या साथीत त्यांच्यापैकी २२२ जण मरण पावले. कादंबरीत ते मुख्यतः गरुडाच्या दंतकथेत येतात. अधिकारी अमेरिकन आणि अंगमेहनत इतरांची, अशी जहाजावरील विभागणी मेल्व्हिलने स्वच्छपणे नोंदविली आहे, आणि त्या काळाच्या मानाने ती दृष्टी असामान्य होय. परंतु हीच विभागणी गावातही होती, हे त्याला दिसले नाही. कारण गाव त्याने पाहिले नव्हते. न पाहण्याने कलेची हानी झाली नाही, असे वर म्हटले. सहानुभूतीचा विस्तार मात्र तेथे अडला, हेही मान्य केले पाहिजे.

ह्याच न्यायाने संग्रहालयाचीही बाजू तपासावी लागते. १९५५ पासून नॅन्टकेट शहराचे जुने रूप कायद्याने जपले जात आहे. राखाडी झालेल्या लाकडी फळ्यांची घरे आणि गोट्यांचा रस्ता पाहून एकोणिसावे शतक जसेच्या तसे उरले आहे, असा भास होतो. परंतु जपणूक ही निवड असते. सुबक रस्त्यावर भट्टीचा धूर नाही, धक्क्यावर तेलाचा दर्प नाही. आणि हिश्शाच्या हिशेबात शेवटी देणेकरी ठरून परतलेल्या खलाशाचे घर कोणी ओळखून काढलेले नाही. चरबी कढविण्याच्या रात्रीचा लालभडक धूर आजही कादंबरीच्या शहाण्णवाव्या प्रकरणातच शोधावा लागतो.

५

जुलै १८५२ मधील मेल्व्हिलच्या भेटीचा विचार अखेरीस करणे क्रमप्राप्त आहे. कादंबरी प्रसिद्ध होऊन गेली होती आणि तिचे स्वागत थंडपणे झाले होते. अशा वेळी त्याने ते गाव पाहिले. त्या भेटीत त्याला पोलार्ड दिसला. 'एसेक्स'नंतर पोलार्डला 'टू ब्रदर्स' हे दुसरे जहाज मिळाले. तेही १८२३ मध्ये हवाई बेटांच्या वायव्येकडील खडकांवर फुटले. त्यानंतर त्याला कोणी जहाज दिले नाही. तो गावात रात्रीचा पहारेकरी झाला. बेटकरांच्या लेखी ह्या माणसाला काही महत्त्व नव्हते. आपल्याला मात्र तो आजवर भेटलेल्या माणसांत सर्वांत प्रभावी वाटला, अशा आशयाची नोंद मेल्व्हिलने चेसच्या वृत्तान्ताच्या आपल्या प्रतीत केली आहे.

ही नोंद स्थलदर्शनाच्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. ज्या गावात आपल्या कादंबरीतील करार झाले, ते धक्के आणि त्या वखारी पाहून मेल्व्हिलला आपले वर्णन बरोबर ठरल्याचा आनंद झाला असेल वा नसेल. त्याच्या मनावर ठसला तो एक माणूस. एहॅब आणि पोलार्ड यांच्यातील अंतर येथे ध्यानात घ्यावे. दोघेही नॅन्टकेटचे कप्तान, दोघांचीही जहाजे देवमाशाने फोडली. एहॅब सूडापायी जहाज आणि माणसे घेऊन बुडतो. पोलार्ड परत येतो, आपल्या नात्यातील मुलाचे काय झाले ते त्याच्या आईला सांगण्याची वेळ स्वतःवर येऊ देतो, पुन्हा अपयशी होतो आणि कंदील घेऊन त्याच गावच्या रात्री राखतो. कादंबरीत ज्याला जागा नव्हती तो मनुष्य लेखकाला कादंबरीनंतर भेटला. चोवीस वर्षांनी, १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लॅरेल' ह्या दीर्घ काव्यात मेल्व्हिलने दोनदा जहाज गमावून पहारेकरी झालेल्या अशाच एका कप्तानाची कथा आणली. निकर्सनने आपला वृत्तान्त लिहिला तो त्याच वर्षी. एकाच जहाजाच्या दोन आठवणी, एकमेकींची वार्ता नसताना, एकाच वर्षी कागदावर उतरल्या.

ह्यावरून आरंभीच्या मांडणीत कोणता बदल करावा लागतो? परिचयातून प्रामाणिकपणा आणि प्रामाणिकपणातून कला, ही साखळी 'मोबी डिक'च्या उदाहरणाने तुटते. न पाहिलेले नॅन्टकेट कादंबरीत सामर्थ्याने उभे आहे. म्हणून प्रादेशिक कादंबरीची चर्चा करतानाही लेखकाच्या रहिवासाचा दाखला गुणवत्तेचा पुरावा म्हणून पुढे करणे थांबविणे श्रेयस्कर. परंतु साखळी तुटली म्हणून स्थळाचा अभ्यास निरर्थक ठरत नाही. त्याचे प्रयोजन बदलते. गावात जाऊन वर्णनाशी जुळणाऱ्या खुणा शोधण्याने समीक्षेच्या हाती फारसे काही लागणार नाही. वर्णनात जे आलेले नाही, ते कोठे आहे, हे तेथे शोधावे. नॅन्टकेटच्या बाबतीत ते कारखान्यातील तरफेत आहे, यॉर्क स्ट्रीटवरील सभागृहात आहे आणि सुतळीच्या एका तुकड्यात आहे.

१८२३ मध्ये बुडालेल्या 'टू ब्रदर्स'चे अवशेष पाणबुड्यांना २००८ मध्ये सापडले आणि २०११ मध्ये त्यांची ओळख जाहीर झाली : नांगर, चरबी कढविण्याच्या कढया, हार्पूनची टोके. पोलार्डच्या दुसऱ्या अपयशाचा हा पुरावा जवळजवळ दोनशे वर्षांनी हाती आला. वस्तू पुढेही सापडत राहतील, आणि प्रत्येक नवी वस्तू कादंबरीचे एखादे मौन उघड करील. ह्या मौनांमुळे 'मोबी डिक'चे श्रेष्ठत्व कमी होत नाही. मात्र ती ज्याला माहीत आहेत, तो वाचक त्या कादंबरीतील बेटाच्या स्तवनाशी पुन्हा येईल, तेव्हा समुद्राच्या त्या स्वामींच्या पंक्तीत कोण बसले आणि त्यांच्या होड्या कोणी वल्हविल्या, हे विचारल्याखेरीज पुढे जाणार नाही.